फॅमिकॉम: ज्याच्या नकला खेळून आपण मोठे झालो

हा खट्ट आवाज ओळखीचा वाटतोय ना, कॅसेट खाचेत बसली की येतो तो. पांढऱ्या-मरून रंगाचा हा डबा म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीचा फॅमिली कॉम्प्युटर, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, सगळे फॅमिकॉमच म्हणतात. 15 जुलै 1983 ला जपानमध्ये विक्रीला आला, किंमत 14,800 येन, आणि गेम फक्त तीन: डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनिअर आणि पॉपाय.

आता झाकण उघडूया. बोर्डवरच्या या दोन मोठ्या चिप रिको कंपनीच्या. निन्टेंडोचे इंजिनिअर मासायुकी उएमुरा यांना आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा गेम घरच्या टीव्हीवर आणायचा होता, तोही स्वस्तात, आणि मागितलेल्या भावात चिप मिळावी म्हणून निन्टेंडोने रिकोला थेट 30 लाख चिप घ्यायची हमी दिली, तेव्हा एकही मशीन विकलेलं नव्हतं!

डावीकडची चिप गेम चालवते, वेग 1.79 मेगाहर्ट्झ, हाताशी मेमरी फक्त 2 केबी. चित्राचं सगळं काम दुसरी चिप करते आणि खरी कमाल तिथेच आहे. मागचं दृश्य 8 बाय 8 ठिपक्यांच्या छोट्या छोट्या ठोकळ्यांनी भरायचं, हलणारी पात्रं म्हणजे स्प्राइट त्याच्यावर वेगळी फिरवायची, एका वेळी 64, पण एका आडव्या रेषेत 8 च, नववं आलं की ते दिसतच नाही, म्हणून प्रोग्रामर त्यांना आळीपाळीने दाखवायचे आणि आपल्याला ती लुकलुकताना दिसायची.

हा सुपर मारिओ, इथे थांबवतो. वरचा ढग बघा, आता खालचं झुडूप बघा. आकार तोच, फक्त रंग बदललाय! अख्खा गेम 40 केबीत बसवलाय.

आता आवाज. दोन चॅनल सुरावटीचे... हा तिसरा, खालचा बेस... आणि हा खरखरणारा, ढोल-ताशाचं काम करणारा. पाचवा रेकॉर्ड केलेल्या आवाजांसाठी.

कंट्रोलरवरचं हे अधिकच्या चिन्हासारखं बटण निन्टेंडोचेच गुनपेई योकोई यांचं, अंगठा न उचलता चारी दिशा. दुसऱ्या कंट्रोलरला स्टार्टचं बटणच नाही, त्याऐवजी चक्क माईक दिलाय.

सुरुवातीची मशीन मध्येच अडकायची, ती परत मागवून बोर्ड बदलून दिले, 1985 मध्ये एनईएस (निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम) नावाने अमेरिकेत गेला आणि जगभरात 6 कोटींच्या वर विकला गेला.

आणि हा आपल्याकडचा, 90 च्या दशकातला 'व्हिडिओ गेम'. फुंकर मारून घातलेली '9999 इन 1' कॅसेट, सुट्टीत अर्धी चाळ एका टीव्हीसमोर. जे खेळलो ते सगळं उएमुरांच्याच डिझाईनची नक्कल होती, पण त्यांचं नाव आपल्याला कोणी सांगितलंच नाही. 2021 मध्ये ते गेले.

हा पण उघडूया. रिकोच्या त्या दोन चिपांच्या जागी इथे डांबरासारखा एक काळा थेंब आहे. जवळून बघा, त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही.