अठ्ठ्याण्णवला उकळणारं पाणी

(दृश्य : वर्गातलं टेबल. शेगडीवर पातेलं, पाण्यात दोऱ्याने लटकवलेला तापमापी.)

पाणी खळाखळा उकळतंय. तापमापीतली लाल रेघ ९८ वर जाऊन थांबलीय आणि काही केल्या पुढे सरकत नाही. नववी 'ब'ची पोरं पातेल्याभोवती गोळा झालीत. मागून एक जण ओरडतो, "बाई, हा बिघडलाय!"

बाई शांतपणे म्हणतात, "असेल. बर्फ आणा, बघू."

समोरच्या रसवंतीतून बर्फ येतो. उकळत्या पाण्यातला तापमापी तसाच बर्फात घातला तर काच तडकते, म्हणून मध्ये पाच मिनिटं थांबायचं. या पाच मिनिटांत वर्ग सांभाळणं हा खरं तर वेगळा प्रयोग आहे, पण तो अभ्यासक्रमात नाही. मग ठेचलेला बर्फ, थोडं पाणी आणि त्यात तोच तापमापी. रेघ उतरत उतरत शून्यावर येते.

म्हणजे तापमापी ठीक आहे. मग पुस्तक चुकलं?

पुस्तकातले १०० अंश समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर. इथे डोक्यावर हवेचा थर तेवढा कमी, म्हणून दाबही कमी. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाला गाठतो, तेव्हा पाणी उकळायला लागतं. बाहेरचा दाबच कमी असेल तर ते लवकर गाठतं. दर ३०० मीटरला अंदाजे एक अंश धरा. आता हिशेब करा.

"मुंबईला मावशीकडे उकळलं असतं तर?" एकीचा प्रश्न. बाई नुसत्याच बघतात. उत्तर मागच्या बाकावरून येतं.

(दृश्य : जुन्या प्रयोगवहीची पिवळी पानं.)

मी याच शहरात दहावी झालो. आमच्या प्रयोगवहीत सगळ्यांचं पाणी बरोबर १०० ला उकळायचं, कारण कोणी ते उकळलेलंच नव्हतं. साहित्य होतं, पण काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि ते उघडायचं तपासणीच्या दिवशी. रीडिंग फळ्यावर लिहून मिळायची, आम्ही ती सुवाच्य अक्षरात उतरवायचो. मला त्या वहीला पैकीच्या पैकी मार्क होते.

या बाईंच्या वर्गात कपाट नाही, एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात गवंड्याचा ओळंबा, काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब ही करामत अरविंद गुप्तांची. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे गुप्ता पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं हेच करत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ओळंबा मात्र बाईंचा स्वतःचा शोध. दाराच्या चौकटीला खिळा, एक मीटर दोरी, खाली ओळंबा. लंबक तयार. सूत्र पुढच्या वर्गात येतं, बाई ते आत्ताच देऊन टाकतात. वीस दोलनं मोजायची, वेळ फोनवर.

पहिल्या गटाची वेळ ३८.२ सेकंद. त्यातून गुरुत्व त्वरण निघालं १०.८२. दुसऱ्या गटाची वेळ ४०.८ सेकंद, उत्तर ९.४९. दोन्ही गट एकमेकांना खोटं ठरवायला सज्ज.

बाई पहिल्या गटाला पुन्हा मोजायला लावतात, मोठ्याने. मुलगा ओळंबा सोडतो आणि म्हणतो, "एक!" तिथेच थांबवतात. सोडताना एक पूर्ण कुठे झालं? सोडताना म्हणायचं "शून्य". त्याने वीस म्हणून एकोणीसच मोजली होती.

दुसऱ्या गटाची मोजणी बरोबर होती, मोजपट्टी चुकली. दोरीची लांबी त्यांनी ओळंब्याच्या कडीपर्यंत घेतली. ती घ्यायची ओळंब्याच्या वजनाच्या मध्यापर्यंत. हा मध्य तीन सेंटीमीटर खाली होता.

दोन्ही चुका काढल्यावर वेळ आली ४०.२ सेकंद आणि उत्तर ९.७७. फळ्यावर मात्र तिन्ही उत्तरं राहू दिली आहेत. खोडायची नाहीत, असा बाईंचा दंडक.

(दृश्य : तांब्याची नळी, जवळून.)

आता तांबं. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी सगळ्यांना ठाऊक. ही नळी मात्र एसी दुरुस्त करणाऱ्याकडची, अर्धा मीटर लांब. बटणाएवढी चार चुंबकं एकावर एक चिकटवून बाई आधी ती प्लास्टिकच्या नळीतून सोडतात. टप्प. डोळा लवायच्या आत खाली. मग तांब्याच्या नळीतून.

एक सेकंद. दोन. चुंबक रेंगाळत, जणू मधातून उतरल्यासारखं बाहेर येतं.

"आत चिकटत असेल," कोणीतरी म्हणतं. त्याला लगेच तोडणारा मुलगा तांबटांच्या घरातला. "तांब्याला चुंबक लागत नाही. भंगारवालासुद्धा आधी चुंबक लावूनच बघतो."

खरं आहे. चुंबक बाहेरून लावून पाहिलं, लागलं नाही. पण ते नळीतून पडत असताना नळीतलं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं, त्यामुळे तांब्यात वीज फिरू लागते आणि ती वीज चुंबकाच्या पडण्यालाच विरोध करते. फॅरेडेने १८३१ मध्ये बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज मिळवून दाखवली, विरोधाचा नियम लेन्झने १८३४ मध्ये मांडला. नळी त्या दुपारी वर्गभर फिरली. प्रत्येकाला एकदा स्वतः सोडून बघायचं होतं.

एक प्रयोग मात्र बाईंना हुलकावणी देतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. एकदा मेच्या २० तारखेच्या सुमारास, तेव्हा शाळेला सुट्टी. पुन्हा जुलैच्या २२-२३ ला, तेव्हा ढग.

(दृश्य : फळा. आकड्यांची रांग.)

शेवटचा तास. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलंय : कळसूबाई, १६४६ मीटर. रविवारी वर्ग घोटीमार्गे बारी गावात आणि तिथून वर जाणार आहे. शिखरावर पाणी किती अंशाला उकळेल, याचा प्रत्येकाने आपला आकडा नावासमोर लिहिलाय. ९६. ९५. ९४.५. एकाने हट्टाने ९८ च लिहिलंय.

शेगडी कोण नेणार यावर वाद चालू आहे. तापमापी एका मुलीने मोज्यात गुंडाळून आधीच दप्तरात ठेवलाय.