सारवणाचा हात

(सांगलीतल्या चित्रकला विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

"तुमची शैली कुठून आली?" असं मघाशी एका विद्यार्थिनीनं विचारलं. ती माझ्या आईच्या उजव्या हातातून आली.

आमचं घर आटपाडीकडचं, मातीचं. आई जमीन सारवायला उकिडवी बसायची आणि शेणकाला पसरत मागं मागं सरकायची. खांदा पोचेल तेवढा एक अर्धगोल, त्याला लागून दुसरा. जमीन वाळली की दारातून येणाऱ्या तिरप्या उन्हात ते अर्धगोल खवल्यांसारखे उठून दिसायचे. माझ्या चित्रांतले रुंद फटकारे ते हेच. पण हे उमगायला मला वीस वर्षं लागली.

तोवर मी औंधच्या वाऱ्या करत होतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रामायण त्यांनी चित्रांतून मांडलं. जमवलेली चित्रं-शिल्पं लोकांना बघता यावीत म्हणून त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, ते १९३८ साली. पावसाची वाट बघणारा मुलूख, आणि तिथं राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं! मला आजही याचं नवल वाटतं, आणि त्या राजाविषयी माया वाटते. मी रविवर्म्यापुढं तासन्‌तास बसायचो. रेशमाची झळाळी, दागिन्यावर थबकलेला उजेड. घरी येऊन तेच गिरवायचो. हात बसला. चित्र मात्र माझं होईना.

त्याच संग्रहालयात हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकारानं दगडात घडवलेलं आई-मूल आहे. कितीतरी खेपा मी त्याच्यासमोरून तसाच पुढं गेलो होतो. आई गेली त्या वर्षी पहिल्यांदा थांबलो. एकाच दगडातली ती दोघं बघता बघता मला सारवणाऱ्या आईची वाकलेली पाठ दिसली, आणि माझा खांदा आपोआप हलला. घरी येऊन मी बारीक ब्रश बाजूला ठेवले.

हातात मुरलेलं असं कुठून कुठं जातं, ते बघायला तुम्हाला लांब जायला नको. मिरजेत सतारमेकर गल्लीत जा. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारीचं काम आटलं, तेव्हा ते तंतुवाद्यांकडं वळले. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडून येतो, त्यावर दांडी, खुंट्या चढतात. पण तंबोरा बोलू लागतो तो जवारीनं. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं किंचित उतरवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायचा. मग तारेखाली दोरा सरकवला की आवाज उमलतो. एका कारागिराला हे करताना मी दुपारभर पाहिलं. कानस टेकवताना तो श्वास धरायचा. पात्याची धार बोटानं ओळखणाऱ्या पूर्वजांचा हात मला त्यात दिसला. पुरावा माझ्याकडं नाही, पण माझा त्यावर विश्वास आहे.

मी आता कॅनव्हास जमिनीवर अंथरतो, उकिडवा बसतो आणि मागं सरकत रंगवतो. मागच्या भिंतीवरचं निळं चित्र तसंच केलंय. जाताना जवळून बघा. खालच्या कोपऱ्यात, जिथून मी शेवटी बाहेर पडलो, तिथं उंबऱ्याएवढी जागा कोरी आहे.