अर्ध्या मैलावरची बाग

(दृश्य : सकाळ. बेल्वेडिअर पार्क, पूर्व लॉस एंजेलिस. तळ्याकाठी फिरायला आलेली माणसं. मागे गाड्यांचा अखंड घरघराट.)

हा घरघराट पोमोना फ्रीवेचा. दिवसरात्र चालूच असतो. हा महामार्ग बांधला तेव्हा तो या बागेच्या मधूनच नेला. बागेचे दोन तुकडे झाले. इकडची मुलं तिकडच्या मैदानावर जायची तर महामार्गावरचा पादचारी पूल चढावा लागतो.

रस्ता आखणाऱ्यांनी गाड्या मोजल्या. या बागेत किती जण येतात, त्यांच्या घराजवळ दुसरी बाग आहे का, हे त्या हिशेबात धरलं असतं, तर हा पूल बांधायची वेळ कदाचित आली नसती.

(दृश्य : आकाशातून दिसणारी वस्ती. क्षितिजापर्यंत छपरं.)

लॉस एंजेलिस काउंटी. आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, पण इथं जिल्हाधिकारी नसतो. लोकांनी निवडून दिलेलं पाच जणांचं मंडळ कारभार पाहतं. लोकसंख्या सुमारे 1 कोटी. आत 88 शहरं, आणि बहुतेकांचं उद्यान खातं वेगळं. त्याशिवाय सुमारे 10 लाख लोक अशा वस्त्यांत राहतात, ज्यांना नगरपालिकाच नाही. पूर्व लॉस एंजेलिस ही त्यातलीच एक वस्ती. इथं महापौर नाही. झोपाळा तुटला तरी दाद काउंटीकडेच मागायची.

सगळ्या प्रदेशाचा मिळून विचार करायची संधी एकदा आली होती. 1930 साली ऑल्मस्टेड बंधू आणि बार्थोलोम्यू या उद्यान आणि नगररचनाकारांच्या संस्थांनी इथल्या उद्यानांचा आणि समुद्रकिनाऱ्यांचा मोठा आराखडा तयार केला. सुमारे 70 हजार एकरांची उद्यानं, नद्यांच्या काठानं जाणारे हिरवे पट्टे, सगळं एकमेकांना जोडलेलं. ज्या व्यापारी मंडळानं तो करवून घेतला, त्यानंच तो बासनात बांधून ठेवला. मोकळी जमीन हातात असताना गेलेली ती संधी होती. पुढे तिथं घरं उभी राहिली आणि नद्यांना काँक्रीटचे काठ आले.

(दृश्य : सभागृहात टेबलाभोवती बसलेली माणसं. मध्ये पसरलेला नकाशा.)

आता 2014 मध्ये येऊ. उद्यानांसाठीचा जुना कर संपत आला होता, म्हणून नव्या कराचा प्रस्ताव मतदानाला टाकला. दोन तृतीयांश मतं हवी होती. साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला, तरी प्रस्ताव पडला.

त्यानंतर काउंटीनं जे केलं, ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. पैसे पुन्हा मागण्याआधी तिनं गरज मोजली. सगळ्या काउंटीचे 188 अभ्यासविभाग पाडले, शहरांच्या हद्दीतले आणि हद्दीबाहेरचेही. दर हजार माणसांमागे बागेची किती जमीन आहे? घरापासून अर्ध्या मैलात, म्हणजे साधारण 800 मीटरवर, बाग आहे का? त्या एका बागेवर किती लोकांचा भार आहे? बाकं, संडास, खेळणी कोणत्या अवस्थेत आहेत?

मग विभागाविभागात सभा घेतल्या. लोकांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, इथं दिवे हवेत, इथं सावली हवी, ही रिकामी जागा घ्या. प्रत्येक विभागानं आपली दहा कामं निवडली आणि त्यांचा क्रमही ठरवला.

2016 च्या मे महिन्यात अहवाल आला. निम्म्या लोकांना चालत जाता येईल अशी बागच नव्हती. काउंटीची सरासरी हजार माणसांमागे 3.3 एकर, पण सरासरी फसवी असते. डोंगराकडेला, समुद्राकडेला मुबलक हिरवळ, आणि दाट वस्तीत एका छोट्या मैदानावर अख्खा मोहल्ला. गरज 'जास्त' किंवा 'फार जास्त' ठरलेल्या विभागांत काउंटीची निम्म्याहून अधिक माणसं राहत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'मेझर ए' हा उद्यानांसाठीच्या कराचा नवा प्रस्ताव मतदानाला आला. बांधकामाच्या दर चौरस फुटामागे वर्षाला दीड सेंट. दीड हजार चौरस फुटांच्या घराला साडेबावीस डॉलर. या वेळी जवळपास 75 टक्के मतं पडली. आणि वाटणीत एक हिस्सा खास गरजू विभागांसाठी राखून ठेवला. सगळ्यांना सारखं दिलं असतं, तर ज्यांच्याकडे आधीच बाग आहे त्यांना दुसरी मिळाली असती.

(दृश्य : विलोब्रूक. मॅजिक जॉन्सन पार्क. तळं, पाण्यावर बदकं.)

विलोब्रूकचं हे उद्यान बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनच्या नावाचं. या परिसरात एके काळी कच्च्या तेलाच्या टाक्या होत्या. पुढे उद्यान झालं, तळी झाली, पण ती भरायला पिण्याचं पाणी वापरावं लागे. पाण्यासाठी शेकडो मैल दूरच्या नद्यांवर अवलंबून असलेल्या प्रदेशात!

इथं पाऊस पडला की तो रस्त्यावरचं तेल, प्लास्टिक, धूळ घेऊन नाल्यांतून थेट समुद्राला मिळतो. ते पाणी अडवणं आणि स्वच्छ करणं हे काउंटीचं मोठं उद्दिष्ट. ते काम पाणी पाहणाऱ्यांचं आणि बाग उद्यान खात्याची, असं मानून कितीतरी वर्षं गेली. इथं दोघं एकत्र बसले. आसपासच्या वस्तीतून वाहून येणारं पावसाचं पाणी उद्यानात आणलं, शुद्ध केलं आणि तळ्यात सोडलं. त्याच पाण्यावर आता झाडं आणि हिरवळ जगते. 2021 साली नव्या रूपातलं उद्यान खुलं झालं. तळ्याच्या काठावर उभं राहिलं, की आपण पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेशेजारी उभे आहोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

बांधकामाशिवायही असं जुळवून घेता येतं. 2010 पासून काउंटीच्या काही बागांत उन्हाळ्याच्या रात्री दिवे उशिरापर्यंत चालू ठेवायला सुरुवात झाली. खेळ, सिनेमे, नाच, आरोग्यतपासणी. शेरीफ खातं, म्हणजे काउंटीचे पोलीस, आरोग्य खातं, उद्यान खातं एकत्र. ज्या वस्त्यांत टोळ्यांच्या भीतीनं अंधार पडला की दारं लागत, त्याच निवडल्या. सुरुवात फक्त तीन बागांपासून झाली.

एक गोष्ट मात्र मला खुपते. गरज मोजून झाली, पैसा राखून झाला, तरी अनुदानासाठी अर्ज करावा लागतो. आराखडे जोडायचे, खर्चाचे अंदाज द्यायचे. मोठ्या शहराकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात. लहान शहरात तेच दोघं-तिघं बागही सांभाळतात आणि कागदही. काउंटी मदतनीस देते, ते चांगलंच आहे. पण जिथं गरज सर्वांत जास्त, तिथं काउंटीनंच दार ठोठवायला जायला हवं.

(दृश्य : पुएंते हिल्स. डोंगरासारखा दिसणारा, गवतानं झाकलेला उंचवटा.)

हा डोंगर कचऱ्याचा आहे. काउंटीचा कचरा इथं कित्येक दशकं पडत होता. 2013 साली तो टाकणं बंद झालं. आता इथं उद्यान व्हायचं आहे. आतला कचरा अजून कुजतो आहे, त्याचा वायू नळ्यांतून काढावा लागतो, जमीन हळूहळू खचते आहे. त्यामुळे पायवाट कुठे घालायची, झाड कुठे लावायचं, हे उद्यान खात्याला घनकचऱ्याच्या अभियंत्यांना विचारूनच ठरवावं लागतं.

(दृश्य : उंचवट्यावरून दिसणारी वस्ती. संध्याकाळ.)