भरावाच्या जागेवर भाजीची बाग

मुंबईत माहीम आणि धारावीच्या मधे, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. साधारण 37 एकरांचं हे रान पूर्वी कचरा टाकायची जागा होती. 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हस्ते तिथे पहिलं झाड लागलं आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. भरावावर सामूहिक बाग करू म्हणणारे हटकून या उद्यानाकडे बोट दाखवतात. दाखवावंच, पण ते झाडांचं रान आहे, भाजीचा मळा नाही. शिवाय कुजणाऱ्या कचऱ्याची कालांतराने थोडीफार माती तरी होते. आपल्या वस्तीतल्या रिकाम्या प्लॉटवर बहुधा राडारोडा असतो: विटा, प्लास्टर, फरशीचे तुकडे, रंगाचे पोपडे, काच. तो कुजत नाही.

म्हणून जागामालकाची लेखी परवानगी मिळाली, की रोपवाटिकेत जाण्याआधी पहार उचला. दोन-तीन ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या. त्यांत पाणी भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभरही उतरत नसेल तर पावसाळ्यात तिथे तळं होणार. मग आठ-दहा जागांवरची वरची सहा इंच माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) आणि क्षारता नेहमीच्या तपासणीत येतात. शिसं मात्र वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. जुन्या रंगातून ते येतं, आणि पालेभाज्या व कंदांवर त्याचा धोका जास्त. वांगी, दुधी, टोमॅटोच्या फळांत ते कमी उतरतं.

प्लास्टरमधल्या चुन्यामुळे सामू आठच्या वर गेला, की जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अशा वेळी मंडळी युरिया टाकतात. त्याचा काडीचा उपयोग नाही!

यावर उपाय म्हणजे भराव खणत बसायचं नाही, माती वर वाढवायची. चार फूट रुंद, दहा फूट लांब, दीड फूट उंच वाफा करा. चार फुटांपेक्षा रुंद नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. तळाशी पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड घाला. ताडपत्री घातलीत, तर पाणी तुंबून मुळं सडतील. काठाला भरावातल्याच विटा चालतात, पण रंग लागलेल्या नकोत. एका वाफ्यात साठ घनफूट माल बसतो आणि पहिल्या पावसात तो बराच खाली बसतो, म्हणून थोडा खताचा साठा राखून ठेवा.

एवढा माल विकत घ्यायचा नाही, त्यातलं खत इथेच करायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, तेव्हा झाडलोट करणाऱ्यांशी बोलून ठेवा. तीन घमेली सुका पाला, एक घमेलं ओला कचरा, असा किमान तीन फूट लांब-रुंद-उंच ढीग. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, इतकीच ओल. वास आला तर पाणी जास्त झालंय, सुका पाला घालून ढीग उलटा. तापला नाही तर बहुधा कोरडा आहे. घाई करून अर्धकच्चा पाला वाफ्यात भरलात, तर तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपं खुरटतात.

जूनमध्ये भाजी नाही, हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा. खाडीकाठची खारी, पाणी धरणारी जागा असेल तर धैंचा. साधारण पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर येताना कापून तिथेच दाबा. भाजी ऑक्टोबरात. स्वयंसेवकांना हे पहिल्याच बैठकीत सांगा. जुलैत पालक मिळणार असं वाटून आलेली माणसं ऑगस्टमध्ये दिसत नाहीत.

माणसांचाच हिशोब सगळ्यात जास्त चुकतो. उन्हाळ्यात एका वाफ्याला रोज पंधरा ते वीस लिटर पाणी लागतं. म्हणजे वीस वाफ्यांना तीनशे-चारशे लिटर, तेही रोज. रविवारी तीस जण येतात, फोटो निघतात. बुधवारी दोघं असतात. वाफ्यांची संख्या बुधवारच्या हजेरीवर ठरवा. नळ आणि हजार लिटरची टाकी वाफ्यांआधी हवी. प्रत्येक वाफा दोघांच्या नावावर करा, म्हणजे एक गावाला गेला तरी दुसरा पाणी घालेल. किल्ली मात्र तिघांकडे असू द्या. आणि खणायला येणाऱ्या प्रत्येकाला जाड तळाचे बूट, हातमोजे आणि धनुर्वाताची लस सक्तीची करा. भरावात काच आणि खिळे वर्षानुवर्षं वर येत राहतात.