जास्तीची माणसं नेहमी दुसरीकडचीच

मित्रहो, पर्यावरणावरच्या सभेत प्रश्नोत्तरं सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. हे सगळं ठीक आहे, पण लोकसंख्येचं काय? मूळ दुखणं तिथं आणि तुमची मलमपट्टी भलतीकडेच! या प्रश्नाला टाळ्याही पडतात. म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न खुळा नाही. १९७४ साली जगात ४०० कोटी माणसं होती. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ती ८०० कोटी झाली. पन्नास वर्षांच्या आत दुप्पट. या सगळ्यांचं अन्न, पाणी, घर, वीज शेवटी जमिनीतून, नदीतून आणि खाणीतूनच यायचं आहे. पण याच काळात आणखी एक गोष्ट घडली, तिच्यावर सभा भरत नाहीत. वाढीचा वेग १९६० च्या दशकात वर्षाला २ टक्क्यांच्या वर होता, तो आता १ टक्क्याच्या खाली आहे. एका बाईला सरासरी पाच मुलं होत, आता सव्वादोनच्या आसपास होतात. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा, की २०८० च्या दशकात १,०३० कोटींच्या आसपास शिखर येईल आणि मग उतार लागेल.

मुलं कमी होताहेत तर आकडा अजून का वाढतो? कारण उद्याच्या आया आधीच जन्मलेल्या आहेत. त्यांना दोन-दोनच मुलं झाली तरी आयाच इतक्या आहेत, की बेरीज वाढतच राहणार. लोकसंख्येला लावलेला ब्रेक लागायला एक पिढी जाते.

चीनचा हिशेब जरा जवळून पाहू. एक मूल धोरण १९८० च्या सुमारास आलं आणि २०१५ अखेर गुंडाळलं गेलं. जगात इतकं कडक धोरण दुसरं झालं नसेल. दंड होते, सक्तीचे गर्भपात होते. त्या पस्तीस वर्षांत तिथली लोकसंख्या ४० टक्क्यांच्या आसपास वाढली आणि कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन सहापटीहून अधिक झालं. म्हणजे माणसं दीडपटसुद्धा नाहीत, पण दर माणशी धूर चौपटीच्या वर. हा धूर कोळशाचा, पोलादाचा, सिमेंटचा. आणि गरिबीतून वर आलेल्या कोट्यवधी घरांचाही. त्या घरांना नावं ठेवायची माझी तरी छाती नाही.

आता दुसरं टोक. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होतात. तिथल्या माणसाच्या वाट्याचा कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण टनाचा दशांश, अमेरिकेतल्या माणसाच्या वाट्याचा १४ टनांच्या आसपास. नायजरचा जन्मदर उद्या सकाळी निम्म्यावर आला, तरी वातावरणाला पत्ताही लागणार नाही. तिथल्या विहिरींना लागेल, कुरणांना लागेल, आणि सगळ्यात आधी त्या बाईच्या शरीराला. जगात वीस कोटींहून अधिक स्त्रियांना मूल नको आहे, पण गर्भनिरोधाची आधुनिक साधनं त्यांच्यापर्यंत पोचलेली नाहीत. ती पोचवायची ती त्यांच्यासाठी, कुणाच्या कार्बनच्या खात्यात जमा दाखवायला नव्हे. सरकार आकड्याचं लक्ष्य घेऊन घरात शिरलं की काय होतं, ते आपण पाहिलंय. १९७४ साली बुखारेस्टला भरलेल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे आरोग्यमंत्री करणसिंह यांनी ‘विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक’ अशी भूमिका मांडली. दोन वर्षांनी त्यांच्याच खात्याचं धोरण म्हणू लागलं, की विकासाची वाट बघत बसणं परवडणार नाही. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या.

अर्थशास्त्रवाले इथं एका पैजेची आठवण काढतात. १९८० साली जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक आणि अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी पाच धातूंवर पैज लावली: तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन. माणसं वाढली की धातू दुर्मीळ होतील, भाव चढतील, असं अर्लिक म्हणत होते. सायमन म्हणत होते, भाव चढला की माणूस नवी खाण शोधतो, पर्याय शोधतो, आणि भाव पुन्हा उतरतो. दहा वर्षांत माणसं ८० कोटींहून अधिक वाढली आणि पाचही धातू, महागाई वजा करता, स्वस्त झाले. अर्लिक यांनी ५७६ डॉलर ७ सेंटचा धनादेश पोस्टाने पाठवून दिला. दुसरं एखादं दशक निवडलं असतं तर निकाल उलटाही लागू शकला असता, पण ते राहू द्या. मला खटकतं ते वेगळंच. पैज ज्या वस्तूंवर लागली त्या सगळ्यांना मालक होता आणि भाव होता. त्याच दहा वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३३९ वरून ३५४ वर गेला, २०२४ मध्ये तो ४२४ च्या पुढे होता. त्याला भावच नव्हता. मग महाग होऊन माणसाला इशारा कोण देणार? बाजाराची शहाणीव भावापुरती असते.

आता तिजोरीकडे वळू, कारण खरी ओढाताण तिथं आहे. बऱ्याच देशांत निवृत्तिवेतनाची रचना अशी, की आज कामावर असलेल्यांच्या पगारातून कापलेला पैसा आजच्याच निवृत्तांना जातो. कामकरी भरपूर आणि म्हातारे थोडे, हे त्यात गृहीत धरलेलं. सरकारी कर्जाचंही तसंच: उद्याची कमाई आजच्याहून मोठी असणार, या भरवशावर ते काढलेलं असतं. जपानमध्ये पासष्टी ओलांडलेले २९ टक्के आहेत आणि सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक. दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे एका बाईला होणारी सरासरी मुलं, २०२३ मध्ये ०.७२ वर आला. ज्या चीनने मुलं मोजून दिली, तो २०२१ पासून तीन मुलांना मुभा देतोय. इराणने तर कुटुंबनियोजनात सक्तीवाचून नाव कमावलं होतं. तिथं २०२१ मध्ये जन्म वाढवण्यासाठी कायदा आला आणि मोफत गर्भनिरोधकं आखडती घेतली गेली. धरतीसाठी माणसं जास्त, तिजोरीसाठी कमी. एकच सरकार दोन्ही सुरांत बोलतं आणि त्याला त्यात काही गैर वाटत नाही, कारण जास्तीची माणसं दुसऱ्या देशातली असतात आणि कमी पडणारी आपली.

म्हणून माझं म्हणणं असं, की लोकसंख्येचा वाद हा बऱ्याचदा पर्यावरण सांभाळण्याचं बिल कोण भरणार या प्रश्नापासून पळ काढायला काढलेला असतो. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनकरावरून पिवळ्या जाकिटातली माणसं रस्त्यावर उतरली. हवामानबदल खोटा आहे असं त्यांतले बहुतेक म्हणत नव्हते. गावातून कामावर जायला मोटारीवाचून गत्यंतर नाही आणि कर मात्र आमच्याच माथी, एवढंच त्यांचं गाऱ्हाणं. डिसेंबरात सरकारला प्रस्तावित वाढ मागे घ्यावी लागली.

जर्मनीने १९९९ मध्ये अधिक हुशारीने घेतलं. इंधनावर आणि विजेवर कर वाढवायचा आणि त्यातला बराचसा पैसा निवृत्तिवेतनाच्या विम्यात घालायचा, म्हणजे पगारातली कपात हलकी. प्रदूषण महाग, नोकरी स्वस्त. कागदावर याहून देखणी योजना मी पाहिलेली नाही. मेख एकच: कर यशस्वी झाला, म्हणजे लोकांनी इंधन जाळणं कमी केलं, तर म्हाताऱ्यांच्या पैशाला भोक पडतं. मग अर्थमंत्र्याला मनातून काय वाटेल? लोकांनी थोडं तरी जाळत राहावं!

यावर मला सुचतो तो जमिनीच्या किमतीवरचा कर. जमीन जळून संपत नाही, परदेशी पळून जात नाही, आणि कर चढवला म्हणून ती कमी होत नाही. पण त्यालाही अडचण आहेच. माणसं घटली की जमिनीचा भावही उतरतो. जपानच्या २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली. त्यांतल्या आडगावच्या बऱ्याच घरांना फुकटसुद्धा गिऱ्हाईक मिळत नाही. तिथं जमिनीवरचा कर वसूल कुणाकडून करायचा, हे कुठल्याच सरकारने अजून धडपणे सोडवलेलं नाही.