आधी हवा, मग पाना

(टेबल, वरून. निवेदन सुरू.)

लिव्हर अर्ध्यावर अडकली आहे. पुढे जात नाही, मागे येत नाही.

दहा मीटर एअर पिस्तुलाची ही कॉकिंग लिव्हर. ती उघडली की छर्रा ठेवायची खाच मोकळी होते आणि त्याच हालचालीत आतली यंत्रणा ताणली जाते. अशी मध्येच अडकली, तर आत छर्रा आहे का, पिस्तूल ताणलेलं आहे का, हे बाहेरून कळत नाही. म्हणून दुरुस्ती करणारे काका ते भरलेलंच समजतात. नळीचं तोंड शेवटपर्यंत वाळूच्या पोत्यांकडे, बोट ट्रिगरपासून लांब. टेबलाच्या त्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, आमच्या कॅमेरामननेसुद्धा.

(सिलिंडरचा क्लोजअप.)

नळीखालचा हा सिलिंडर. भरलेला असताना आत हवेचा साधारण २०० बार दाब असतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळपास शंभरपट. काका पान्याला हात लावण्याआधी तो हातानेच, सावकाश फिरवून काढतात. फुस्स आवाज येतो. ते थांबतात. सिलिंडर निघाला तरी रेग्युलेटरमध्ये, म्हणजे हवेचा दाब कमी करणाऱ्या भागात, थोडी हवा उरलेली असू शकते, त्यामुळे आवाज पूर्ण थांबेपर्यंत आणि त्यानंतरही जरा वेळ ते हात मागे घेऊन बसतात. हा सगळा भाग आम्ही मुद्दाम कापलेला नाही. घरी दुरुस्ती करणारे नेमकी हीच मिनिटं वाचवायला जातात.

आता विजेरी. खाचेत छर्रा तिरका पडलाय आणि त्याचा मागचा पातळ घेर बोल्ट (छर्रा नळीत ढकलणारा दांडा) आणि नळीच्या मध्ये चिमटला गेलाय. ४.५ मिलिमीटरचं मऊ शिसं. इथे लिव्हरवर जोर दिला की शिसं आणखी दबतं, लिव्हरची पिन वाकते आणि दहा मिनिटांचं काम परदेशातून सुटा भाग मागवण्यावर जातं. सुई किंवा पोलादी तारही नको, नळीच्या आतल्या आट्यांवर ओरखडा उमटला तर तो कायमचा. काका प्लॅस्टिकचं आवरण असलेली सळई नळीच्या तोंडाकडून आत घालतात. बोटांची पकड बाजूने. सळईच्या मागे तळहात कधीच नाही.

(छर्रा टेबलावर पडतो. इथे निवेदन नाही. पिस्तूल जिचं आहे त्या मुलीचा चेहरा.)

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही नावं कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. पण नेमबाजाचं हत्यार नीट ठेवणारा माणूस किती रेंजवर आहे? प्रशिक्षकासाठी जागा असते, लक्ष्यांच्या यंत्रांसाठी खर्च असतो. दुरुस्तीचं टेबल मात्र कुणाच्या तरी हौसेवर चालतं.

२५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक. दहा मीटर एअर पिस्तुलाची पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकरच्या पिस्तुलाची कॉकिंग लिव्हर तुटली. ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे होते आणि दुरुस्तीत गेलेला वेळ गेलाच. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

(पुन्हा टेबल.)

छर्रा निघाला, पण लिव्हर अजून जड आहे. काका मूठ सोडवतात, मग बाजूची पट्टी. निघालेला प्रत्येक स्क्रू ताटलीत त्याच क्रमाने ठेवला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर एक फोटो. पिनेभोवती हा काळा थर बघा. वाळलेलं ग्रीस आणि त्यात बसलेली शिशाची पूड. यात शिवणयंत्राचं तेलही आहे, घरी कुणीतरी सोडलेलं. दाबाखालच्या हवेच्या मार्गात असं खनिज तेल गेलं तर ते पेट घेऊ शकतं, शिवाय काही प्रकारच्या रबराच्या रिंगा फुगू शकतात. काका सगळं कोरड्या कापडाने पुसून काढतात, बोल्टवरची चिरलेली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी रिंग, बदलतात आणि सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवतात, जेमतेम दिसेल इतकाच.

ट्रिगरच्या स्क्रूंना ते शिवत नाहीत. मुलगी विचारते, "काका, जरा हलका करता का?" ते मान हलवतात. स्पर्धेत या ट्रिगरला निदान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं, त्याखाली गेला तर तपासणीतच पिस्तूल बाद.

जोडणी झाली. आधी सिलिंडरशिवाय लिव्हर उघडून, मिटून बघायची. मग यंत्रणा ताणून, छर्रा न घालता, पिस्तुलाला बाजूने हलका धक्का. ताण सुटत नाही. ट्रिगरला वजन लटकवलं, पेललं. सिलिंडरवरची तारीखही बघितली, कारण त्याचं आयुष्य दहा वर्षं धरतात. आणि मग पहिला छर्रा, पोत्यांसमोरच्या कागदावर.

(कागदाला भोक. मुलगी हात धुताना.)

हात धुणं कामाचाच भाग आहे. बोटांवर शिसं असतं.

तिची निवड चाचणी सकाळीच होऊन गेली होती, आता पुढची.

टेबलावर दुसरं पिस्तूल आलं आहे, स्प्रिंगचं. त्याचीही लिव्हर अडकलेली, पण यात सोडून द्यायला हवाच नाही. ताणलेली स्प्रिंग आत दबून बसली आहे आणि ती मोकळी करायला दाबयंत्र लागतं. काकांकडे ते नाही. ते पिस्तुलाला चिठ्ठी बांधतात, "ताणलेलं आहे, उघडू नये", आणि पेटीत तोंड भिंतीकडे करून ठेवतात. कारागीर पुण्याहून गुरुवारी येतो.