किरमिजी रंग आणि हलालचा प्रश्न

मंडळी, खाद्यरंग हलाल की हराम, हा आजचा विषय. पण सुरुवात एका शब्दापासून करू. आपण सहज ‘किरमिजी’ म्हणतो. अरबी-फारसीतल्या ‘किर्मिझ’वरून तो आपल्याकडे आला. किर्मिझ म्हणजे ओकच्या झाडावरचा एक कीटक, आणि त्याचं नातं थेट संस्कृत ‘कृमि’शी सांगतात. युरोपातले ‘क्रिमझन’ आणि ‘कार्माईन’ त्याच घराण्यातले. म्हणजे रंगाच्या नावातच किडा बसलाय! आपला जुना अळतासुद्धा लाखेच्या किड्याचाच.

आजचा कार्माईन, लेबलवर क्रमांक १२०, निवडुंगावरच्या कोचिनील किड्याच्या माद्यांपासून निघतो. बराचसा माल पेरूचा. किलोभर रंगामागे लाखाच्या घरात किडे जातात. वाळलेले किडे पाण्यात उकळायचे, अर्कात अ‍ॅल्युमिनियम आणि कॅल्शियमचे क्षार घालायचे, की रंग तळाशी बसतो. साका नीट बसावा म्हणून काही ठिकाणी जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा चिकट पदार्थ, किंवा अंड्याचा पांढरा बलकही घालतात. हे जिलेटिन लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता फिकह, म्हणजे इस्लामी धर्मनियमांचं शास्त्र. मालिकी, हनफी, शाफई हे त्यातले मजहब, म्हणजे विचारपंथ. टोळ सगळ्यांनाच हलाल. बाकी किडे मालिकी मजहबात नीयत, म्हणजे तसा हेतू मनाशी धरून मारले तर चालतात. हनफी म्हणतात, वाहतं रक्त नसलेला किडा नापाक, म्हणजे अपवित्र नाही, पण खायचाही नाही. म्हणून तोच रंग ओठांना लावणं आणि सरबतात घालणं, हे हनफींकडे दोन वेगळे प्रश्न होतात. शाफई मात्र जास्त कडक, आणि आपले कोकणी मुसलमान शाफई, तेव्हा रत्नागिरी-रायगडच्या मंडळींनी इथे कान द्यावेत. बहुसंख्येने शाफई असलेल्या इंडोनेशियात उलमा, म्हणजे धर्मपंडितांच्या परिषदेने २०११च्या ३३ क्रमांकाच्या फतव्यात कोचिनीलला परवानगी दिली. २०२३मध्ये पूर्व जावातल्या नहदतुल उलमा या मुस्लिम संघटनेच्या मंडळाने तोच रंग हराम ठरवला. एकच मजहब, एकच देश, निकाल दोन. म्हणून ‘सगळे उलमा असं म्हणतात’ असं कुणी सांगितलं, तर ‘कुठले?’ हे जरूर विचारा.

नावांचा घोळ मला फार खटकतो. कार्मोइसिन, क्रमांक १२२, आणि इंडिगो कार्माईन, क्रमांक १३२, यांत किडा नाही. दोन्ही कारखान्यात रसायनांतून बनतात. नाव ऐकून लोक उगाच हलाल माल परत करतात आणि १२० मात्र नजरेतून सुटतो. तेव्हा क्रमांक वाचा.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली. खरा मुद्दा तर आत्ता येतोय, भराभर सांगतो. रंग बहुधा निर्दोष असतो, प्रश्न असतो तो ज्यात मिसळलाय त्या वाहकाचा. बीटा-कॅरोटिन, १६०ए, पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याच्या भुकटीवर बऱ्याचदा जिलेटिनचं आवरण असतं. ते डुकराचं, की जबिहा, म्हणजे इस्लामी रीतीने कत्तल, न केलेल्या गुरांचं, हे लेबलवर नसतं. हळदीचा कर्क्युमिन, क्रमांक १००, पॉलिसॉर्बेटमध्ये किंवा ग्लिसरॉलमध्ये येतो. ही दोन्ही वनस्पती-तेलापासून होतात, तशी प्राण्यांच्या चरबीपासूनही. द्रव रंगात इथेनॉल, म्हणजे मद्यार्क असेल, तर द्राक्ष-खजुराचं सोडून इतर इथेनॉलला अनेक हनफी आलिम, म्हणजे धर्मपंडित, सूट देतात. तरी उत्पादकाला विचारा.

भारतात पाकिटावरचं हिरवं वर्तुळ बरंच काम करतं. त्यात कार्माईन नको, जिलेटिन नको. मात्र मद्यार्काबद्दल ते काहीच बोलत नाही.

आणि हलालबरोबर तय्यिब, म्हणजे शुद्ध आणि चांगलंही हवं. परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांनाही साधारण किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तीही ठरावीक पदार्थांतच. बिर्याणी त्या यादीत नाही, तिथे केशर किंवा हळद वापरा. कापड रंगवायचा मेटॅनिल यलो तर कुठेच चालत नाही.

केटरिंगवाल्यांनी पुरवठादाराकडून लेखी चार गोष्टी घ्याव्यात: रंगाचा क्रमांक, वाहकाचं नाव, तो वनस्पतीचा की प्राण्याचा, आणि द्रावक कोणता. पत्र ‘आमचा माल हलाल आहे’ एवढंच म्हणत असेल, तर परत पाठवा.